ब्रोकर परीक्षेतल्या संज्ञांना रुपये आणि घड्याळ जोडा: सेबीच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. तुहिन कांत पांडे,
अध्यक्ष, सेबी, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागात एनआयएसएम या सेबीच्या शिक्षणसंस्थेच्या परीक्षांची तयारी करून घेणारे आणि ब्रोकरांकडे ऑथराइज्ड पर्सन (ब्रोकरचा स्थानिक प्रतिनिधी) म्हणून काम करणारे आम्ही काहीजण हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. सीरिज ७ (सिक्युरिटीज ऑपरेशन्स आणि रिस्क मॅनेजमेंट) आणि सीरिज ८ (इक्विटी डेरिव्हेटिव्हज, म्हणजे शेअरवर आधारलेले फ्युचर्स-ऑप्शनचे सौदे) यांच्या अभ्यासपुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांत प्रत्येक महत्त्वाच्या संज्ञेसोबत तिचा रुपयांतला हिशेब आणि वेळेचे बंधन यायला हवे.

दोन्ही परीक्षा दोन तासांच्या, १०० गुणांच्या. सीरिज ७ ला ५० टक्क्यांवर पास, सीरिज ८ ला ६० टक्क्यांवर. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. त्यामुळे मुले साहजिकच व्याख्या पाठ करतात, कारण व्याख्येवरच्या प्रश्नात धोका कमी. पुढे हीच मुले निपाणीच्या किंवा खानापूरच्या बाजारपेठेत टेबल टाकून बसतात आणि ग्राहकाला 'पे-इन' (विकलेले शेअर किंवा खरेदीचे पैसे जमा करणे), 'ऑक्शन' (न दिलेल्या शेअरसाठीचा लिलाव), 'मार्जिन' (सौद्यासाठी आधी ठेवायची रक्कम) समजावतात. ऑथराइज्ड पर्सन होण्यासाठी शिक्षणाची किमान अट दहावी पास एवढीच आहे. सब-ब्रोकर ही वर्गवारी २०१९ मध्ये संपली, तरी गावात त्याला आजही सब-ब्रोकरच म्हणतात आणि त्याचा शब्द ब्रोकरच्या ॲपपेक्षा जास्त मानतात. समोर बसलेला ग्राहक पतसंस्थेतली ठेव मोडून आलेला असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्याने निवृत्त जवानही या भागात पुष्कळ आहेत, आणि त्यांचे फंडाचे पैसे एकरकमी हातात येतात. अशा माणसाला पाठ केलेली व्याख्या ऐकवून भागत नाही.

ऑक्शनचे उदाहरण घ्या. 'विक्रेत्याने शेअर न दिल्यास एक्स्चेंज ते लिलावातून मिळवते' एवढे परीक्षेला पुरते. व्यवहारात काय होते ते पाहा. सोमवारी ५०० रुपयांनी १०० शेअर इंट्राडेमध्ये शॉर्ट विकले (हातात नसलेले शेअर त्याच दिवशी परत घेण्याच्या हिशेबाने विकले), दुपारी अप्पर सर्किट (दिवसाच्या भाववाढीची मर्यादा) लागले, विकणारा कुणी उरला नाही आणि सौदा कव्हर झाला नाही, म्हणजे शेअर परत घेता आले नाहीत. टी+१ सेटलमेंटमुळे (सौद्याच्या दुसऱ्या दिवशी देणे-घेणे) मंगळवारी शेअर द्यायचे, आणि ते खात्यात नाहीत. त्याच दिवशी ऑक्शन. तिथेही शेअर मिळाले नाहीत तर क्लोज-आउट, म्हणजे शेअरऐवजी पैशांत हिशेब: सोमवारपासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वांत वरचा भाव, किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावाच्या २० टक्के वर, यांतला जो जास्त तो. मंगळवारचा बंद भाव ५५० असेल तर हिशेब ६६० रुपयांनी होतो. शेअरमागे १६०, म्हणजे १६,००० रुपये गेले. ग्राहक म्हणतो, 'भाव तर ५५० होता, हे वरचे कुणी खाल्ले?' याचे उत्तर देता न येणारा माणूस परीक्षा पास आहे, हे आम्हाला खटकते.

यातली दुसरी बाजू तर पुस्तकात दोन ओळींत उरकलेली असते. सोमवारी घेतलेले शेअर खात्यात जमा होण्याआधीच मंगळवारी विकले आणि सोमवारच्या मूळ विक्रेत्याने शेअर दिलेच नाहीत, तर मंगळवारच्या सौद्यात आपला ग्राहक शॉर्ट ठरतो. चूक त्याची नसते, पण ऑक्शनचा भुर्दंड त्याच्याच लेजरला (ब्रोकरकडच्या खातेवहीला) लागतो. 'आज घे, उद्या वीक' हा सल्ला इथे सर्रास दिला जातो. म्हणून हा प्रश्न प्रत्येक पेपरात असायलाच हवा.

सीरिज ८ मध्ये आम्हाला सर्वांत जास्त काळजी फिजिकल सेटलमेंटची वाटते. ऑक्टोबर २०१९ पासून शेअर डेरिव्हेटिव्हजची सेटलमेंट पूर्णपणे प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. तरी 'ऑप्शन खरेदीदाराचा तोटा प्रीमियमपुरताच' हेच वाक्य मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेले असते. २,५०० शेअरचा लॉट, २०० चा कॉल (२०० रुपयांनी शेअर घेण्याचा हक्क), त्यासाठी शेअरमागे प्रीमियम २ रुपये. ग्राहकाने घातले ५,०००. एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपण्याच्या दिवशी, भाव २०३. कॉल इन-द-मनी (बाजारभाव ठरल्या भावाच्या वर), म्हणजे आता २०० रुपयांनी २,५०० शेअर घेणे भाग, पाच लाख रुपये उभे करा. शिवाय डिलिव्हरी मार्जिन एक्स्पायरीच्या आधीच्या चार दिवसांत शेअरला लागू असलेल्या मार्जिनच्या १०, २५, ४५ आणि ७० टक्के असे चढत जाते. आज 'किरकोळ' वाटलेला सौदा एक्स्पायरीपर्यंत खाते पुसून टाकू शकतो. वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोकांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शनमध्ये) तोटा झाला, हे सेबीच्याच अभ्यासात आले आहे. त्या आकड्याचा धडा परीक्षेच्या पेपरात दिसला पाहिजे.

मार्जिनचेही तसेच. लागणारे मार्जिन एक लाख आणि खात्यात ८५,००० असतील तर तूट १५,००० ची, मार्जिनच्या १५ टक्के. तूट १० टक्क्यांच्या किंवा एक लाखाच्या वर गेली की ब्रोकरवर दंड तुटीच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला १५० रुपये. त्याखाली अर्धा टक्का. सलग तीन दिवसांनंतरही तूट राहिली की पाच टक्के, दिवसाला ७५०. 'संध्याकाळी पैसे भरतो' म्हणून सुटका नाही, कारण दिवसातून किमान चार वेळा कधीही घेतलेल्या नोंदींवरून पीक मार्जिन (त्या नोंदींतले सर्वांत जास्त लागणारे मार्जिन) तपासले जाते.

सीमाभागाची एक खास अडचणही सांगतो. कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडचा निपाणीकर आणि पलीकडचा कागलकर एकाच मुंबईच्या ब्रोकरकडे व्यवहार करतात आणि कॉन्ट्रॅक्ट नोटा (ब्रोकरने दिलेल्या सौद्याच्या पावत्या) शेजारी ठेवून भांडतात. निपाणीच्या नोटेवर, राज्य वेगळे म्हणून, १८ टक्के आयजीएसटी; कागलच्या नोटेवर, राज्य तेच म्हणून, केंद्राचा ९ अधिक राज्याचा ९. रक्कम तीच, फक्त रकाना वेगळा. स्टॅम्प ड्यूटी १ जुलै २०२० पासून देशभर एकच आहे. डिलिव्हरी खरेदीवर ०.०१५ टक्के, लाखाला १५ रुपये. इंट्राडे खरेदीवर ०.००३ टक्के, लाखाला ३ रुपये. ती खरेदीदार जिथे राहतो त्या राज्याला जाते. पेपरात खरी कॉन्ट्रॅक्ट नोट छापून 'हा आकडा कुठून आला' एवढेच विचारले तरी निम्मी भांडणे मिटतील.

आता सर्वांत गंभीर बाब. ऑथराइज्ड पर्सनला ग्राहकाचे पैसे किंवा शेअर स्वतःच्या नावावर घेता येत नाहीत आणि कॉन्ट्रॅक्ट नोट फक्त ब्रोकरच देऊ शकतो. तरी 'दरमहा ठरावीक टक्के देतो' म्हणत वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागणारे या भागात भेटतात. ऑक्टोबर २०२५ पासून तुम्ही ब्रोकरांसाठी 'ॲटव्हॅलिड'चे (@valid) पडताळलेले यूपीआय आयडी आणले, ते फार चांगले झाले. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणातला अंगठा दिसतो का, नावात ब्रोकरसाठीचे 'बीआरके' आहे का, एवढे पाहिले की बनावट खाते तिथेच उघडे पडते. ही तपासणी सीरिज ७ मध्ये पडद्याच्या चित्रासकट शिकवा आणि चुकीचा पडदा ओळखायला सांगा.

म्हणून विनंती अशी की दोन्ही सीरिजच्या पेपरात किमान २० गुण लेजर, कॉन्ट्रॅक्ट नोट आणि मार्जिन स्टेटमेंट वाचून सोडवायच्या प्रश्नांना द्यावेत. त्यांची सोडवलेली उदाहरणे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत एनआयएसएमच्या संकेतस्थळावर मोफत ठेवावीत. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांत दोन्ही भाषांची मुले एकाच बाकावर बसतात. उदाहरणांचा कच्चा मसुदा दोन्ही भाषांत तयार करून द्यायला आम्ही विनामोबदला तयार आहोत. एनआयएसएमने तो तपासून, दुरुस्त करून वापरावा.

आपले विश्वासू,
एनआयएसएम परीक्षांचे प्रशिक्षक आणि ऑथराइज्ड पर्सन,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी