वाचून कामाला लागता येईल असा अहवाल लिहिल्याबद्दल

आदरणीय ताई,

'तुमच्यामुळे आमचा मुलगा बोलायला लागला' असं लिहिलं तर तुम्हालाच पटणार नाही. तो अजून मोजकेच शब्द बोलतो. माझे आभार आहेत ते तुम्ही केलेल्या मूल्यमापनासाठी, म्हणजे त्याला काय जमतं आणि कुठे अडतं हे तपासून लिहिलेल्या अहवालासाठी. थेरपीचं कौतुक सगळे करतात, तपासणीला कोणी पत्र लिहीत नाही.

पहिल्याच फोनवर तुम्ही म्हणालात, आधी कानांची तपासणी करून या. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी मूल बोलण्यात मागे पडू शकतं आणि वरून काही कळत नाही, हे आम्हाला तेव्हा समजलं. कान ठीक निघाले, मगच तुम्ही पुढची वेळ दिलीत.

आम्ही टेबल-खुर्ची आणि प्रश्नांच्या सरबत्तीची तयारी ठेवून आलो होतो. तुम्ही सरळ जमिनीवर बसलात. साबणाचे फुगे उडवलेत, बाटलीचं झाकण घट्ट लावलंत आणि ती त्याच्या हातात देऊन गप्प राहिलात. मी मदतीला सरकले तर डोळ्यांनीच थांबवलंत. त्याने बाटली फिरवली, आपटली, शेवटी तुमच्या मांडीवर ठेवली आणि तुमचं बोट धरून झाकणावर नेलं. अहवालात ते असं उतरलं होतं : 'हवी ती वस्तू मोठ्यांचा हात धरून मागतो. मागताना नजर देत नाही. आधी नजर आणि बोट दाखवणं यावर काम करावं.'

त्याआधी दुसरीकडून मिळालेल्या कागदावर तो वयाच्या मानाने किती महिने मागे आहे, एवढंच होतं. ते वाचून रडण्यापलीकडे काय करायचं? तुम्ही समजणं आणि बोलणं वेगळं तपासलंत, हातांची कामं वेगळी, जेवण-कपडे वेगळे. त्याला समजतं बरंच, अडतं ते सांगताना, हे तेव्हा कळलं.

घरात दोन भाषा आहेत, एक बंद करा असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही, लाड ज्या भाषेत करता तीच बोला, असं सांगून तुम्ही तो विषय मिटवलात. चित्र दाखवून मागायच्या कार्डांची सवय लागली तर हा बोलायचाच नाही, ही यांची भीतीही तुम्ही हसण्यावारी नेली नाहीत. चित्रांनी बोलणं अडत नाही, उलट आधार मिळू शकतो, हे नीट समजावलंत. सासूबाई दिवसभर 'हे काय, ते काय' विचारायच्या. 'आजी, परीक्षा नको. तो जे करतोय ते तुम्ही बोला आणि मनात पाचपर्यंत मोजा,' हे तुमचं वाक्य त्या आता आल्यागेल्याला ऐकवतात. मोजताना त्यांचे ओठ हलतात, ते सोडा.

बालवर्गात मागे बसून तुम्ही हेरलंत की त्याची रडारड खेळ आवरायच्या वेळीच होते. बाईंनी 'आधी-नंतर'ची दोन चित्रं भिंतीवर लावली. आता इतर मुलंही खेळ थांबवायच्या आधी तिकडे बघतात. बाईंचाही घसा वाचला.

फेरतपासणी पुढच्या महिन्यात आहे. पेन्सिल धरण्याबद्दल विचारायचं म्हणून बाईही सोबत येणार आहेत. सासूबाईंनी प्रश्नांची वेगळी यादी केली आहे, तेव्हा वेळ जरा जास्तच ठेवा.

तुमची,
एक आई