डिस्कचा दिवा लागलेला होता

प्रिय मित्रा,

दोन वर्षांत एक ओळ नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तब्येत ठीक. गुडघा तसाच, गोळ्याही त्याच.

आपलं ते थ्री-एट-सिक्स कॉम्प्युटर चालू झालंय. चार दिवस झाले. आणि चार दिवस मी ते बंद केलेलं नाही, रात्रीसुद्धा नाही. घरचे माझ्याकडे कसे बघतात ते तुला सांगायला नको.

झाकण काढलं तर बोर्डावरची ती निळी पिंपासारखी बॅटरी फुटून वाहिलेली. हिरवट खरबरीत थर थेट कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत. निकेल-कॅडमियममधून गळतं ते अल्कली, म्हणून आधी व्हिनेगर, मग पाणी, मग स्पिरिट. दोन ट्रेस, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, पार खाल्ले गेले होते. केसाएवढ्या वायरने जोडले. सोल्डरिंग माझं, भिंग धरलं धाकटीने.

मग डिस्क. वीज दिली की नुसती कुंई करायची, फिरायची नाही. वर्षानुवर्षं पडून राहिली की वाचणारी हेड आतल्या तबकडीला, प्लॅटरला, चिकटून बसतात, मोटरला ते सुटत नाहीत. बाहेर काढून हातात आडवी धरली आणि मनगटाला झटका देऊन गर्रकन फिरवली. तिसऱ्या झटक्याला सुटली. तो चढत जाणारा आवाज ऐकून मी खरंच जमिनीवर बसलो.

पण बॅटरीबरोबर बायोसमधल्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, नोंदीही गेलेल्या. हा बायोस आपणहून डिस्क ओळखत नाही, टाइप विचारत बसतो. मी आपला अंदाजाने टाइप २ ठोकला, ६१५ सिलिंडर आणि ४ हेड. मशीन म्हणालं, सिस्टम डिस्क नाही. पार्टिशनच बिघडलं असं धरून मी फ्लॉपीवरून एफडिस्क, ते डिस्कचे भाग नव्याने पाडणारं, उघडून बसलो होतो रे! दोन-चार कळा दाबल्या असत्या की सगळं गेलं होतं. स्क्रू त्या उलट्या झाकणात ठेवले होते. एक सापडेना म्हणून धूळ पुसली, तर खाली पेन्सिलीने तुझं अक्षर: ‘९७७-५-१७, टाइप १७. विसरशील.’ आपल्या डिस्कची खरी मापं! तुझ्या या लिहून ठेवायच्या खोडीची मी किती टर उडवली! घे, हरलो.

आता खरी पंचाईत ऐक. मशीन बंद केलं तर डिस्क पुन्हा फिरेल याची खात्री नाही. म्हणून सगळं आधी दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. फ्लॉपीवर घेणार होतो, पण ड्राइव्ह स्वतः लिहिलेलंच वाचतो, दुसऱ्या मशीनला ती फ्लॉपी वाचता येत नाही. हेड सरकलंय. मग नेटवर्क. तीच पातळ कोॲक्स, दोन टोकांना पन्नास-पन्नास ओहमचे टर्मिनेटर. मीटर लावला तर बरोबर २५ ओहम, म्हणजे केबल शाबूत. नेटवर्क कार्ड चालवणारा पॅकेट ड्रायव्हर चढला, कार्डाने आपला पत्ताही दाखवला. पण पलीकडून हूं नाही की चूं नाही. दीड दिवस मी कनेक्टर पिळत होतो. आणि मग आठवलं, तू कार्ड बसवतानाच कटकट करत होतास की त्याचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायचा इंटरप्टचा नंबर, ३ आणि सीओएम-२ या सीरियल पोर्टचाही ३, हे भांडणार. मी म्हणालो होतो, कारखान्यातून तसंच आलंय, तुला जास्त कळतं का? तुला जास्त कळत होतं. पत्ता वाचायला इंटरप्ट लागत नाही, म्हणून कार्ड वरवर जिवंत दिसतं. आता नंबर बदलायला जंपर, ती पिनांवरची छोटी टोपी, हलवायचा तर कार्ड काढायला हवं, आणि कार्ड काढायचं तर मशीन बंद करायला हवं. हस हस, पोट धरून हस.

शेवटी माउस उपटला आणि सीओएम-१ वर दोन मशीन थेट जोडणारी नल-मोडेम केबल लावली. दुसऱ्या मशीनवर डॉस ६ आहे. त्यातला इंटरसर्व्हर हा फाइली पाठवायचा प्रोग्राम आरकॉपी पर्यायाने स्वतःला याच केबलमधून इकडे पाठवतो, तुझ्या-माझ्या डॉस ५ वर नुसती मोड कमांड असली की झालं. वेग १९२०० वर ठेवलाय. पोर्टच्या जुन्या चिपमध्ये एकाच बाइटची जागा, घाई केली की सांडतं. भरलेल्या डिस्कला सहा तास तरी लागतील. हे लिहितोय तेव्हा ते चालूच आहे.

आणि ज्यासाठी लिहायला बसलो ते हे. केबल लावायच्या आधी सहज डिर करून फाइलींची यादी बघितली. रूटमध्ये फाइल०००३.सीएचके. टाइप कमांडने आतलं बघितलं तर आपला बुद्धिबळाचा प्रोग्राम, तुझी ती कॉमेंट ‘घोडा अजून लंगडतो, उद्या बघू’, आणि त्यापुढे साडेतीनशे ओळी. मग कचरा.

हा प्रोग्राम गेला त्या दिवशी लाइट गेली नव्हती रे. तू सेव्हचं बटन दाबून पाणी प्यायला उठलास. मला वाटलं मशीन अडकलं, मी मागचा स्विच बंद केला. डिस्कचा दिवा लागलेला होता. मी बघितला होता. नंतर तू गेल्यावर डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवलं, त्याने विचारलं हरवलेल्या साखळ्यांच्या फाइली करू का, मी वाय दाबलं आणि त्या फाइली उघडूनही बघितल्या नाहीत. तू कॉपी घेतली नाहीस म्हणून स्वतःलाच बोल लावत बसलास, आणि वर मीच तुला बॅकअपवर लेक्चर दिलं. पुढे तू त्या प्रोग्रामला हात लावला नाहीस.

मुलीचं कळलं, फार आनंद झाला. तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

फाइलचं नाव मी बदललेलं नाही. ती तुझी आहे, तूच काय ते ठेव. कधी येतोस ते कळव, तोवर मशीन चालू ठेवतो.

तुझाच

ता.क. सीओएम-२ बंद करायचा जंपर सीरियल कार्डावर कुठला, हे तू कुठेतरी लिहून ठेवलं असशीलच.