पाटल्या लॉकरमध्येच राहू दे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

वसुलीवाला तुमच्या दारात येऊन गेला, हे काकूंकडून कळलं. तुम्ही काही मला सांगितलं नसतंत. फोनवर बाबा "बरं बरं" म्हणून विषय मिटवतात, म्हणून लिहितेय.

आधी कामाचं. त्या पर्सनल लोनवर सही फक्त माझी आहे. बाबा, तुम्ही जामीनदार नाही की सहकर्जदार नाही. तुमच्या पेन्शनला आणि घराला त्या कर्जापायी कोणी हात लावू शकत नाही. "पोलीस घेऊन येतो" म्हणाला म्हणे! नुसते हप्ते थकले म्हणून पोलीस कोणाला उचलत नाहीत. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता (ऑटो-डेबिट) परत गेला, त्यावरून बँक कोर्टात जाऊ शकते, पण तशी नोटीस माझ्या नावाने येईल आणि उत्तर मी वकिलाकडून देईन.

आमची अख्खी टीम कंपनीने काढली, तेव्हापासून हे वसुलीचे फोन सुरू आहेत. आधी "मॅडम", मग "ताई", मग शिव्या. जुन्या ऑफिसच्या रिसेप्शनवरसुद्धा फोन करून माझं नाव घेतलं. हे बहुतेक बँकेचे लोक नसतातच, एजन्सीचे असतात; जेवढी वसुली तेवढं कमिशन, त्यामुळे महिनाअखेर आली की फोन वाढतात. एक पोरगा तर काकुळतीला आला होता, "ताई, पाचशे तरी टाका, टार्गेट आहे." त्याच्यावर मला रागावता आलं नाही. तुमच्याकडे आला त्याच्यावर मात्र पुरेपूर राग आहे.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना छळायचं नाही. मला रात्री साडेनऊला आलेल्या फोनांचं रेकॉर्डिंग ठेवलंय. बँकेला लेखी तक्रार दिलीय. ३० दिवसांत धड उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि मी जाणार आहे. हप्ता कमी करून मुदत वाढवून द्या, असा अर्जही केलाय. कमी पैशांत सेटलमेंट करा म्हणून मागे लागलेत, पण सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा पडला की पुढे घरासाठी कर्ज मागताना तोच आडवा येतो. कर्ज मी पूर्ण फेडणार आहे.

पुन्हा कोणी आलंच, तर दार उघडायच्या आधी ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, दोन्हीचे फोटो काढून मला पाठवा. रोख एक रुपया देऊ नका, पावती देतो म्हणाला तरी नाही. आणि आई, पाटल्या मोडायचा विचार तुझ्या डोक्यात येऊन गेला असणार, मी ओळखते तुला. त्या लॉकरमध्येच राहू देत. बाबांनी एफडीलाही हात लावायचा नाही.

गणपतीला येतेय. सगळे कागद घेऊन येते. बाबा, चष्मा लावून आधी ते वाचा, मग मला काय बोलायचं ते बोला.

तुमची,
लेक