माळशेजला न जाता

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण पावसाळी भटकंतीला चार पानं दिली होती. माळशेज, भंडारदरा, ताम्हिणी. छायाचित्रं सुंदर होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण या सगळ्या ठिकाणी जायला गाडी लागते, गाडीला रविवार लागतो, आणि रविवारी घाटात काय अवस्था होते ते आपल्याच सोमवारच्या अंकात वाचायला मिळतं. चार पानांत मुंबईतल्या एकाही झाडाला जागा मिळाली नाही, म्हणून हे पत्र.

मी मुलुंड पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर राहते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, गुडघ्यांनी त्याच्याही आधी राजीनामा दिला होता. नात दुसरीत आहे; शाळा सुटली की तिचे आईवडील येईपर्यंत ती माझ्याकडे असते. आम्ही दोघी यंदा कुठेही गेलो नाही आणि पुष्कळ पाहिलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर देशी बदामाचं झाड आहे. मे महिन्यात त्यावर कावळ्यांनी घरटं बांधायला घेतलं. सामान काय, तर खराट्याच्या काड्या, विजेच्या तारांचे तुकडे आणि आमच्याच गॅलरीतल्या दोरीवरून पळवलेला तारेचा हँगर. निळा. मी कणीक मळत आणि नात स्टुलावर चढून, असं आठवडाभर आमचं बांधकामावर लक्ष होतं. मग पाऊस सुरू झाला, कावळीण अंगावर पाणी घेत बसून राहिली, आणि जूनच्या शेवटी घरट्यातून जे डोकं वर आलं ते काही कावळ्याचं वाटेना. आवाज तर अगदीच वेगळा, घसा बसलेल्या माणसासारखा. नात म्हणाली, "आजी, हे कोकिळेचं आहे. कावळ्याला फसवलंय."

तिला हे कुठून कळलं? आदल्या महिन्यात आम्ही पक्ष्यांवरचं एक पातळसं पुस्तक आणलं होतं, वीसेक पानांचं. त्यात होतं की नर कोकीळ कावळ्यांना डिवचून आपल्यामागे लांब नेतो आणि तेवढ्यात मादी अंडं घालून पसार होते. वाचलं तेव्हा ती गोष्ट होती. खिडकीत दिसली तेव्हा तिची बातमी झाली. नंतर दोन दिवस नात कावळिणीच्या बाजूनं भांडत होती. कुणीतरी तिला सांगायला हवं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, तू सांग. तिनं खिडकीतून सांगितलंही. कावळीण पोळीचा तुकडा घेऊन गेली आणि त्या परक्या चोचीत भरवून मोकळी झाली.

त्याच पुस्तकामुळे आणखी एक भानगड झाली. कुहूकुहू करतो तो नर, काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती कुहू म्हणतच नाही, नुसती किक् किक् ओरडते. आपल्या कवितांत मात्र जिथे तिथे कोकिळाच गाते. नातीनं वर्गात हात वर करून हे सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. फळ्यावरची कविता आहे तशीच राहिली.

मुलांची पुस्तकं मी तिच्यासाठी म्हणून आणायला लागले. आता नात शाळेत असते तेव्हाही मी ती वाचते, हे कबूल करायला हरकत नाही. इतकी वर्षं परिपत्रकं वाचलेल्या माणसाला छोट्या वाक्याचं फार सुख वाटतं. मी नऊ वर्षांची असताना, 1971 साली, बालभारतीनं 'किशोर' मासिक सुरू केलं. शेजारच्या घरी ते यायचं आणि दारात उभं राहून मी वाचायची. त्याचे जुने अंक आता फोनवर बघता येतात. परवा त्यातलं एक चित्र मोठं करून नातीला दाखवताना माझेच डोळे भरून आले, आणि तिनं विचारलं, "आजी, यात रडण्यासारखं काय आहे?" तसं काहीच नव्हतं, बैलगाडी होती.

पण एक गोष्ट खटकते. दुकानात मुलांच्या कोपऱ्यात उभं राहिलं की चकचकीत कागदावर बर्फ पडत असतो. सफरचंदं तोडली जातात, धुराड्यातून धूर निघतो, पानं लाल होऊन गळतात. बर्फाबद्दल मला राग नाही. मुलांनी तोही वाचावा. मात्र आमच्या नातीला 'ऑटम' हा शब्द पहिलीतच येत होता आणि घराखालच्या सप्तपर्णीचं नाव दुसरीतही येत नव्हतं. ऑक्टोबरच्या संध्याकाळी सबंध गल्ली त्या फुलांच्या वासानं जड होते, कुणाचं तर डोकंही दुखतं, आणि झाड कुठलं हे कुणाला ठाऊक नसतं.

चित्रांचंही तसंच. तिला चित्र काढ म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली नदी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. आम्हीही हेच काढायचो, आमच्या आईनंही हेच काढलं असणार. एकदा तिला भल्या सकाळी गच्चीवर नेलं. मुलुंडला डोंगर पश्चिमेला आहेत, राष्ट्रीय उद्यानाचे, येऊरच्या बाजूचे. सूर्य उगवतो पूर्वेला, खाडीकडून. म्हणजे मुलुंडच्या मुलानं डोंगरामागून सूर्य काढला तर ती सकाळ नसून संध्याकाळ असते! तिनं हे फार मनावर घेतलं. आता तिच्या चित्रात डोंगरांवर सूर्य मावळतो, आणि दुसऱ्या बाजूला खाडीत गुलाबी ठिपके असतात. ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. थंडीत आम्ही ऐरोलीच्या पुलावरून बसनं गेलो होतो; ओहोटी होती म्हणून खिडकीतून दिसले. ठाणे खाडीच्या या पट्ट्याला 2015 मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित केलं आणि 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळालं. तिकीट लागलं ते बसचं.

जूनमध्ये आमच्या बाजारात डोंगराकडच्या बाया रानभाज्या घेऊन बसतात. नात शेवळं बघून थबकली. खरंच, भाजीसारखं काही दिसतच नाही त्यात. जांभळट, तपकिरी, टोकदार, जमिनीतून कुणीतरी बोट वर काढल्यासारखं. घरी आणून एक शेवळ आम्ही सुरीनं उभं चिरलं. तो सुरणाच्या कुळातल्या कंदाचा फुलोरा असतो. पहिल्या पावसात आधी फुलोरा येतो आणि पान मागाहून. घशाला खाज येते म्हणून त्याच्याबरोबर काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घालावीच लागतात. त्या बाई काकडांचा वाटा शेवळांबरोबरच देतात, मागावा लागत नाही. आमच्याकडे शेवळं कोळंबी घालून करतात. नातीनं दोन घास खाऊन "घसा ठीक आहे" असा अहवाल दिला आणि उरलेली कोळंबी वेचून खाल्ली. हे सगळं एखाद्या पुस्तकात चित्रांसकट असतं तर? मी शोधलं, मला अजून मिळालं नाही. कुणी काढलं असेल तर प्रकाशकांनी जरूर कळवावं, मी पाच प्रती घेईन.

पक्षीतज्ज्ञ सालिम अली हे नाव आपल्या वाचकांना नवं नाही. पण ते मुंबईचेच मुलगे, हे आपण विसरतो. जन्म 1896 चा, आईवडील लहानपणीच गेले, मामाकडे खेतवाडीत वाढले. पोरवयात छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कुठली हे विचारायला मामांच्या ओळखीनं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्ड नावाच्या मानद सचिवांनी त्या पोराला हाकललं नाही. खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. पुढचं सगळं त्या दुपारी सुरू झालं. (बंदूक सोडून बाकी सगळं अनुकरणीय आहे, असं मी नातीला सांगून ठेवलंय.)

मला त्या गोष्टीत चिमणीपेक्षा ते खण महत्त्वाचे वाटतात. कारण आम्ही ज्या वाचनालयाचे सभासद आहोत, तिथलं बालविभागाचं कपाट कुलूपबंद असतं. किल्ली ज्यांच्याकडे असते ते चहाला गेलेले असतात. ते आले की विचारतात, "कुठलं पुस्तक हवंय?" आता सात वर्षांच्या मुलीला कुठलं हवंय हे कपाट उघडल्याशिवाय कसं कळावं? कुलूप का, तर मुलं पुस्तकं फाडतात. फाडू देत की! आमच्या पक्ष्यांच्या पुस्तकाची दोन पानं चिकटपट्टीवर आहेत, आणि नेमकी तीच पानं तिला पाठ आहेत. शहरात अनेक जुनी, चांगली वाचनालयं आहेत. त्यांनी निदान खालचे दोन खण उघडे ठेवावेत, मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. यासाठी अनुदान लागत नाही.

आणि आपल्याकडे मागणी अशी, की रविवारच्या पुरवणीत तळहाताएवढी एक चौकट द्या. या आठवड्यात मुंबईच्या रस्त्यांवर काय फुललंय, कोण आलंय, कोण गेलंय, एवढंच. फेब्रुवारीत पांगारा, एप्रिलमध्ये बहावा, मे महिन्यात ताम्हण. हे आपलं राज्यफूल, तरी त्याच्याखाली उभं राहून लोक रिक्षाची वाट बघतात आणि वर बघत नाहीत. आत्ता जुलैत कुंपणाच्या भिंतीवर शेवाळ आणि बोटभर नेचे आलेत, हात लावला की गुंडाळी करणारा पैसा किडा जिन्यापर्यंत येतो, आणि बाजारात कंटोळी सुरू झाली आहेत. चौकटीच्या खाली त्याच विषयावरच्या एखाद्या मराठी बालपुस्तकाचं नाव द्या. जाहिरात नको, नुसतं नाव. पुस्तक आणि खिडकी एकाच ऋतूत असली की काय होतं ते मी या कावळ्याच्या प्रकरणात पाहिलंय. मोठ्यांच्या वाचनाच्या सवयींवर आपण बरेच अग्रलेख लिहिता. ही चौकट त्यापेक्षा कमी जागेत मावेल.

छाटणीबद्दल लिहिणार नव्हते, पण ओघात आलंच आहे तर लिहिते. पावसाळ्याआधी फांद्या कापाव्या लागतात हे मान्य. झाड पडून माणसं दगावतात. पण शेजारच्या गल्लीतल्या पर्जन्यवृक्षावर बगळ्यांची घरटी होती आणि करवत जूनमध्ये चालली. दोन महिने आधी चालली असती तर काय बिघडलं असतं?

आमच्या बदामावरचं घरटं सोमवारपासून रिकामं आहे. कोकिळेचं पिल्लू उडालं. कावळीण अजून त्याला समोरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन भरवते, तेही दिवसेंदिवस कमी. आपण कोकीळ आहोत हे त्याला कोण सांगणार, असं नातीनं मला विचारलं आहे. मी पुस्तकात शोधते आहे. हँगर मात्र दिसतो खिडकीतून, काठीनं काढता येईल इतका जवळ. ती काढू देत नाही. पुढच्या वर्षी लागेल म्हणते.

आपली,
एक वाचक आजी
मुलुंड (पश्चिम), मुंबई