मोफत स्कोअर बघितला आणि नावावर कर्जाच्या दोन चौकशा लागल्या: तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: क्रेडिट स्कोअर तपासताना माझी माहिती कर्ज कंपन्यांना दिल्याबद्दल

महोदय / महोदया,

तुमची वेबसाइट मी दोन वर्षं वापरते. वीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 17,356 रुपये आणि पंधरा वर्षांसाठी घेतलं तर 19,695, म्हणजे महिन्याला साधारण 2,300 रुपये जास्त भरून सहा लाखांहून जास्त व्याज वाचतं, हे मला तुमच्या हप्त्याच्या कॅल्क्युलेटरने दाखवलं. ती प्रिंट काढून मी आईला समजावलं होतं. असा विश्वास होता म्हणूनच हे पत्र लिहिताना जास्त वाईट वाटतंय.

गेल्या महिन्यात मी घरासाठी बँकेत अर्ज केला. कर्ज फेडण्याबाबतची आपली पत आकड्यात दाखवणारा क्रेडिट स्कोअर एकदा बघून ठेवावा म्हणून 9 तारखेला रात्री तुमच्या 'मोफत स्कोअर' पानावर नाव, पॅन, जन्मतारीख, मोबाइल नंबर भरला. ओटीपी टाकला. 781 आला. 'स्कोअर पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही' असं त्या पानावर ठळक लिहिलं आहे आणि ते खरंही आहे, कारण स्वतःची चौकशी स्वतः केली तर ती कर्जाची चौकशी, म्हणजे कर्ज मागितल्याची नोंद, धरत नाहीत. पण हिरव्या बटणाखाली फिकट राखाडी अक्षरांत आणखी एक ओळ होती, 'भागीदार संस्थांना माझ्या वतीने संपर्क व चौकशी करण्यास संमती'. तिच्यापुढची खूण आधीच लावलेली होती. ती मी लावली नव्हती. मी नंतर मुद्दाम परत जाऊन पाहिलं. ती खूण काढली तर बटण दाबलंच जात नाही.

दहा मिनिटांत पहिला फोन आला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीस. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एका आजोबांची शीर सापडत नव्हती, हातात सुई, दंडाला पट्टा बांधलेला आणि माझ्या खिशात फोन थांबायलाच तयार नाही. आजोबा म्हणाले, "बाई, घरचं काही असेल, उचला आधी." कर्ज विकणाऱ्याचा फोन होता.

फोन तरी सोडून दिले असते. त्या रात्री 'तुमचा क्रेडिट रिपोर्ट पाहिला गेला आहे' असे दोन एसएमएस आले होते. मला वाटलं, मीच पाहिला त्याचे. बारा दिवसांनी बँकेतल्या मॅडमनी रिपोर्टचं शेवटचं पान माझ्यासमोर ठेवलं. 9 तारखेला दोन वित्त कंपन्यांच्या चौकशा, दोन्ही वैयक्तिक कर्जाच्या, प्रत्येकी पाच लाखांच्या. स्कोअर 766. मॅडम म्हणाल्या, "घराचं कर्ज मागताय आणि त्याच वेळी दहा लाख आणखी कुठून घेताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी एक रुपयाही मागितला नव्हता. आता लेखी खुलासा दिल्याशिवाय मंजुरी नाही, आणि साठेखताची मुदत या महिनाअखेरीला संपते. त्यात माझ्या दोन वर्षांच्या बचतीतून दिलेलं टोकन अडकलं आहे.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी तिकडे न जाता तुमच्याकडे आले, कारण तुम्ही सोप्या भाषेत समजावता. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं असंच असणार. त्यांच्यातल्या कितीजणांना आपल्या रिपोर्टात काय लिहिलं गेलंय हे ठाऊक असेल?

वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यात संमती म्हणजे मोकळेपणाने, समजून-उमजून आणि स्वतःच्या स्पष्ट कृतीने दिलेली. तुम्ही लावून ठेवलेली खूण ही माझी कृती नाही. ग्राहकाकडून अशी जबरदस्तीने संमती घेण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याच वर्षी मनाई केली आहे.

माझी माहिती तुम्ही कोणाकोणाला, कोणत्या वेळी दिली ते मला लेखी कळवा. त्या दोन कंपन्यांना पत्र पाठवून चौकशा मागे घ्यायला लावा आणि पत्राची प्रत मला द्या. बँकेला दाखवायला तीच लागेल, म्हणून हे सगळ्यांत आधी करा. माझा नंबर आणि पॅन तुमच्याकडून व भागीदारांकडून काढून टाका. आणि त्या पानावरची खूण रिकामी ठेवा, संमती न देताही स्कोअर दिसू द्या.

रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट कंपनीकडे मी स्वतंत्र तक्रार नोंदवली आहे. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे, पण मला भरपाई नको, घर हवं आहे. सात दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 ला तक्रार करीन. स्क्रीनशॉट, दोन्ही एसएमएस आणि रिपोर्टचं ते पान सोबत जोडलं आहे.

आपली,
एक नियमित वापरकर्ती, नाशिक