ब्रिटनच्या स्थानिक निवडणुका : छोट्या पक्षांचे यश मोजताना

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधील निवडणुकांच्या ज्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत येतात त्या बहुतेक संसदेच्या आणि पंतप्रधानपदाच्या असतात. मे महिन्यात होणाऱ्या तिथल्या स्थानिक निवडणुकांना दोन-तीन परिच्छेदांपलीकडे जागा मिळत नाही, आणि मिळाली तरी कोणाच्या किती जागा वाढल्या वा घटल्या एवढे सांगून वृत्तांत संपतो. मोठ्या पक्षांच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. छोट्या पक्षांच्या बाबतीत मात्र जागांचा आकडा एकटाच वाचला तर हमखास दिशाभूल होते, कारण त्यांचे यशापयश लोकांच्या पाठिंब्याइतकेच मतदानाच्या पद्धतीवर आणि प्रभागाच्या रचनेवर अवलंबून असते.

इंग्लंडच्या आग्नेय टोकावरील केंट या काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, उदाहरण घ्यावे. २०१३ मध्ये तिथल्या काउंटी कौन्सिलमध्ये यूकिप या युरोपीय संघाच्या विरोधातील पक्षाने १७ जागा मिळवल्या. चार वर्षांनी, ब्रेक्झिटचे सार्वमत होऊन गेल्यावर, त्या सतराही जागा गेल्या. त्या वर्षी यूकिपला साऱ्या देशात मिळून एकच नवी जागा मिळाली, तीही लँकेशरमध्ये. पुढे २०२५ च्या मे महिन्यात त्याच केंटमध्ये, त्याच विचारधारेच्या रिफॉर्म यूके या पक्षाने ८१ पैकी ५७ जागा जिंकल्या आणि १९९७ पासून सत्तेवर असलेला हुजूर पक्ष पाच जागांवर आला. वाचणाऱ्याला वाटेल की केंटच्या जनतेने रिफॉर्मला डोक्यावर घेतले. प्रत्यक्षात त्या पक्षाला मिळालेली मते साधारण ३७ टक्के होती. म्हणजे दर पाच मतदारांपैकी तिघांनी अन्य कोणाला तरी मत दिले, तरी सभागृहातील सत्तर टक्के जागा एका पक्षाकडे गेल्या. ज्या नियमाने वर्षानुवर्षे छोट्या पक्षांना सभागृहाबाहेर ठेवले, त्याच नियमाने यातील एका पक्षाला एका रात्रीत भरघोस बहुमत दिले.

हा नियम आपल्याला परका नाही. सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी, मग ती मते निम्म्याहून कितीही कमी असोत. परंतु इंग्लंडमधील अनेक प्रभाग बहुसदस्यीय आहेत, आणि तिथे हा नियम अधिक कठोर होतो. मुंबई सोडून महाराष्ट्रातील महानगरपालिकांत प्रभागाचे अ, ब, क, ड असे भाग असतात व प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र होते. इंग्लंडमध्ये तसे भाग नसतात. तीन जागांच्या प्रभागात मतदाराला तीन मते असतात, सर्व उमेदवारांची यादी एकच असते आणि पहिले तिघे निवडून येतात. बहुतेक मतदार आपली तिन्ही मते एकाच पक्षाला देतात, त्यामुळे थोडीशी आघाडी असलेला पक्ष तिन्ही जागा घेऊन जातो. लंडनच्या न्यूहॅम या बरोमध्ये, म्हणजे स्वतःचे कौन्सिल असलेल्या विभागात, २०१०, २०१४ आणि २०१८ अशा तीन निवडणुकांत साठच्या साठ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. तिथे अन्य पक्षांना मत देणारे हजारो लोक राहत होते. त्यांचा एकही प्रतिनिधी सभागृहात नव्हता. सत्ताधाऱ्यांना प्रश्न विचारणारा विरोधी सदस्यच नसलेल्या कौन्सिलला मी निकोप म्हणू शकत नाही, मग सत्ता कोणत्याही पक्षाची असो.

उमेदवारी दाखल करणे तिथे फार सोपे आहे, याची नोंद करायला हवी. संसदेच्या निवडणुकीत ५०० पौंड अनामत भरावी लागते आणि पाच टक्के मते न मिळाल्यास ती जप्त होते. स्थानिक निवडणुकीत अनामत रक्कमच नसते. म्हणजे दार उघडे आहे. अडचण आत गेल्यावर सुरू होते.

यावरचा उपाय त्याच देशात अमलात आहे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्कॉटलंडने २००४ साली कायदा करून स्थानिक निवडणुकांसाठी पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली आणि २००७ पासून ती लागू झाली. ही पद्धत महाराष्ट्रातील वाचकांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांत आपण उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम लिहूनच मत देतो. स्कॉटलंडमध्ये प्रभागात बहुतेक ठिकाणी तीन किंवा चार जागा असल्याने ही पद्धत अधिक फलदायी ठरते. चार जागांच्या प्रभागात विजयाचा कोटा साधारण वीस टक्क्यांचा असतो, आणि पहिल्या पसंतीची मते कमी पडली तरी दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीतून तो गाठता येतो. ग्लासगो शहरात २००३ मध्ये, जुन्या पद्धतीत, मजूर पक्षाने निम्म्याहून किंचित कमी मतांवर ७९ पैकी ७१ जागा घेतल्या होत्या, तर सुमारे वीस टक्के मते मिळवणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला अवघ्या तीन. नव्या पद्धतीने झालेल्या पहिल्याच निवडणुकीत मजूर पक्ष ४५ वर आला, नॅशनल पार्टीला २२ जागा मिळाल्या आणि ग्रीन पक्षाचे पाच जण सभागृहात आले. चार वर्षांत शहराचे मन एवढे पालटले असे कोणी म्हणणार नाही. पालटली ती मुख्यतः मते मोजण्याची रीत. पुढे २०२२ मध्ये त्याच शहरात ग्रीन पक्षाचे दहा सदस्य निवडून आले. उत्तर आयर्लंडमध्ये तर ही पद्धत १९७३ पासून आहे, आणि तिथले प्रभाग पाच ते सात जागांचे असल्याने कोटा आणखी खाली येतो. एकाच राष्ट्रातील नागरिकांच्या मताला बेलफास्टमध्ये, ग्लासगोत आणि केंटमध्ये इतकी वेगवेगळी किंमत का असावी, याचे समाधानकारक उत्तर इंग्लंडमधील मोठ्या पक्षांनी आजवर दिलेले नाही.

जुन्या पद्धतीत तग धरायचा तर छोट्या पक्षापुढे एकच मार्ग उरतो. सर्वत्र विखुरलेली थोडी थोडी मते व्यर्थ जातात, म्हणून एक प्रभाग निवडायचा, तिथे वर्षानुवर्षे खपायचे, तो जिंकला की शेजारचा घ्यायचा. हा धडा तिथे लिबरल पक्षाने घालून दिला. रस्त्यावरचे खड्डे, बंद पडलेले दिवे, न उचललेला कचरा यांविषयीची ‘फोकस’ नावाची पत्रके घरोघर टाकत या पक्षाने लिव्हरपूलमध्ये पाय रोवले आणि १९७३ मध्ये तिथे सर्वांत मोठा पक्ष होऊन दाखवले. ग्रीन पक्ष आज त्याच वाटेने चालला आहे. ब्रिस्टलमध्ये २००६ साली त्यांचा पहिला नगरसेवक निवडून आला. २०२४ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे ७० पैकी ३४ जागा होत्या, आणि दोनच महिन्यांनी, नऊ वर्षे तिथे नगरसेवक असलेल्या कार्ला डेन्यर ब्रिस्टल सेंट्रलमधून संसदेत गेल्या. सफोकमधील मिड सफोक या ग्रामीण जिल्ह्यात याच पक्षाने २०२३ मध्ये ३४ पैकी २४ जागा घेऊन प्रथमच एखाद्या कौन्सिलमध्ये स्पष्ट बहुमत मिळवले. पर्यावरणाचा पक्ष म्हणजे महानगरांतील तरुणांचा पक्ष, हा समज या निकालाने खोटा ठरवला.

सत्ता मिळाल्यावरची परीक्षा अर्थातच निराळी असते. ब्रायटन आणि होव्ह येथे २०११ मध्ये ग्रीन पक्षाने अल्पमतातील सत्ता हाती घेतली, पण २०१३ मध्ये वेतनभत्त्यांच्या वादातून सफाई कामगारांचा संप झाला, रस्त्यांवर कचरा साचला, आणि २०१५ मध्ये पक्षाच्या २३ जागांच्या ११ झाल्या. यूकिपने थॅनेट हे कौन्सिल २०१५ च्या मे महिन्यात जिंकले आणि तिथल्या मॅन्स्टन विमानतळाच्या वादावरून पक्षात फूट पडून त्याच वर्षी बहुमत गमावले. कौन्सिलांच्या पैशाचा मोठा हिस्सा वृद्धांच्या व मुलांच्या देखभालीसारख्या कायद्याने बंधनकारक कामांवर जातो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे कर वाढवायचा तर सार्वमत घ्यावे लागते. अशा स्थितीत नव्या पक्षाने दिलेली मोठी आश्वासने पुरी होणे अवघड असते. तरीही एपसम आणि यूएल या सरे परगण्यातील बरोमध्ये केवळ रहिवाशांच्या संघटनेने १९३० च्या दशकापासून कारभार सांभाळला आहे. लहान संघटनांना राज्य चालवता येत नाही, हा सरसकट निष्कर्ष म्हणूनच मला मान्य नाही.

महाराष्ट्राशी याचा एक थेट संबंध आहे, आणि तो आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतो. राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहतात त्यांना तिथे मतदानाचा हक्क आहे. नोकरीसाठी लंडनला वा लेस्टरला गेलेला, भारतीय पासपोर्ट असलेला मराठी माणूस मतदारयादीत नाव नोंदवून कौन्सिलच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. या निवडणुकांत बहुतेक वेळा मतदारांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच लोक मतदान करतात. अशा वेळी एखाद्या इमारतीतील वीस-पंचवीस मतांनीही तीन सदस्यांच्या प्रभागातील शेवटची जागा इकडची तिकडे होऊ शकते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे, आणि अशा संस्थांनी मतदारनोंदणीची माहिती आपल्या सभासदांपर्यंत आवर्जून पोहोचवावी असे मला मनापासून वाटते.

आपणांस विनंती एवढीच की ब्रिटनच्या पुढील स्थानिक निवडणुकांचे निकाल छापताना प्रत्येक पक्षाच्या जागांशेजारी त्याला मिळालेल्या मतांची टक्केवारी द्यावी, आणि इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांचे आकडे एकत्र न करता वेगवेगळे द्यावेत.

कळावे,
आपला नियमित वाचक,
नाशिक