डावा कालवा २०८, हा २०२

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच 'जेवलीस का' विचारते आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून कागद. कालच बोटीतून उतरलो. नऊ दिवस पाण्यावर होतो, आता स्वयंपाकघरात उभी राहिले तरी फरशी हलल्यासारखी वाटते.

आई, निघायच्या आधी तू म्हणालीस, 'काहून गं, इथं नळाला आठ दिवसाला पाणी अन् तुम्ही पाण्यात राह्यला निघाले?' याचं उत्तर तेव्हाही माझ्याकडं नव्हतं. तुझ्या जावयाला ऑफिसातल्या मित्रानं त्याची जुनी बोट दिली, ह्यांनी परीक्षा देऊन बोट चालवायचं कार्ड काढलं आणि निघालो, एवढंच. दोन बाजा मावतील एवढी जागा, एक शेगडी. पहिले दोन दिवस धपाटे पुरले, मग पिठलं-भातावर आलो.

बाबा, आता तुमच्यासाठी. हा इथला, कॅनडातला रिडो कालवा. किंग्स्टन ते ओटावा, २०२ किलोमीटर. आकडा वाचला तेव्हा मी एकटीच हसले. तुमचा जायकवाडीचा डावा कालवा २०८, म्हणजे सहा किलोमीटरनं तुम्हीच पुढं. पण ह्यातला जेमतेम १९ किलोमीटर भाग खणलेला आहे. बाकी नद्या आणि तळी. जिथं नदी खडकांवरून उड्या मारते तिथं बांध घालून पाणी एवढं चढवलं, की खडक खाली बुडाले आणि वरून बोटी जायला लागल्या. अस्तरीकरणाचा, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून आतून अस्तर लावायचा, प्रश्नच नाही!

१८२६ ते १८३२ मध्ये इंग्रजांनी तो बांधला. सेंट लॉरेन्स नदीवरून येणारी रसद अमेरिकेनं अडवली तर सैन्याला दुसरी वाट असावी म्हणून. ज्या लढाईसाठी बांधला ती झालीच नाही. आता आमच्यासारखे रिकामटेकडे फिरतात.

चढ-उतारासाठी ४५ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे असलेला दगडी हौद समजा. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, खालच्या झडपा उघडून पाणी आत घ्यायचं किंवा बाहेर सोडायचं. हौदाची पातळी पुढच्या पाण्याला मिळाली की पुढचा दरवाजा उघडतो. पंप नाही, मोटर नाही, पाणी आपल्या वजनानंच सगळं करतं. बहुतेक लॉकवर दरवाजे आणि झडपा अजून हातानंच फिरवतात. दोन पोरं दोन बाजूंनी हँडल धरतात आणि कमरेतून वाकून फिरवत राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करणारी कॉलेजची लेकरंच ती.

पहिल्याच दिवशी, किंग्स्टन मिल्सला, दातरी चाकांचा तो कर्रर्र आवाज ऐकला आणि ग्रीसचा वास आला. मी हातातला दोर तसाच धरून उभी राहिले. पाथरीकडं तुमच्या सेक्शनवर, चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या पाटाच्या, गेटाचं चाक तुम्ही फिरवायचा तेव्हा हाच आवाज यायचा. मी सहावीत होते. शिष्यवृत्तीचं बक्षीस होतं आणि तुम्ही येतो म्हणाला होता. रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, सुरू होतं, रात्री कुणीतरी वरचं गेट परस्पर उघडलं आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडच्या, गावांना पाणी पोचेना. तुम्ही बॅटरी घेऊन गेलात ते दुसऱ्या दिवशी दुपारी आलात, गुडघ्यापर्यंत चिखलात. मी तुमच्याशी बोलले नाही. बाबांचं खरं लेकरू कालवाच आहे, असं आईला म्हणाले होते. तिनं तुम्हाला कधी सांगितलं नसणार.

इथल्या पोरी-पोरांशी तुम्ही गप्पा मारायला गेलात तर एक गोष्ट दिसेल. बोलतात आपल्याशी, पण डोळे भिंतीवरच्या ओल्या खुणेवर. पाणी किती चढलं, किती राहिलं. तुम्ही जेवतानाही तसेच असायचात. भाकरीचा तुकडा हातात आणि नजर दाराबाहेर, पाटाकडं.

तुम्ही विचारणार, पाणी किती लागतं? मी हिशोब करून ठेवलाय. लॉक १३४ फूट लांब, ३३ फूट रुंद. दहा फूट उतार धरला तर एका वेळी ४४ हजार घनफूट. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, बारा तास चालवल्यासारखं. चार एकराची एक पाळी झाली असती! दोन माणसं आणि एक लोणच्याची बरणी खाली उतरवायला एवढं पाणी जातं, हे टेलच्या एखाद्या माणसाला कळलं तर नमुना ७, म्हणजे पाणी मागायचा अर्ज, घेऊन इथं येईल. पण पाणी वाया जात नाही बरं, खालच्या तळ्यात जातं.

किंग्स्टनपासून चढ ५० मीटरचा. न्यूबरोचं लॉक चढलं की अप्पर रिडो तळं, तोच कालव्याचा माथा. बालाघाटावर कसं, इकडचं पाणी गोदावरीला आणि तिकडचं सीनेला, तसंच इथंही पाण्याच्या दोन वाटा. तिथून ओटावापर्यंत ८३ मीटर उतार.

त्या उतारावरच माझी फजिती झाली. लॉकमध्ये भिंतीला उभ्या तारा सोडलेल्या असतात. दोर त्यांच्याभोवती नुसता घेऊन हातात धरायचा, म्हणजे बोटीबरोबर तो खाली सरकतो. मेरिकविलला मी तो वरच्या लोखंडी खुंटाला बांधला, बैल दावणीला बांधावा तसा पक्का. पाणी उतरायला लागलं, बोट एका अंगानं लटकली, बरणी घरंगळली, हे ओरडायला लागले आणि लॉकवरच्या पोरीनं पळत जाऊन झडपा बंद केल्या. बरणी फुटली नाही, आई. तेल मात्र ह्यांच्या बुटात गेलं. अजून वास येतो.

चॅफीज लॉकपाशी एक जुनी स्मशानभूमी आहे. कालवा बांधताना सुमारे हजार माणसं मेली, त्यातली कितीतरी हिवतापानं. एवढ्या थंडीच्या देशात हिवताप! बहुतेक आयर्लंडहून आलेले आणि इथले फ्रेंच मजूर. बऱ्याच जणांची नावंही राहिली नाहीत. आम्ही त्या रात्री तिथंच बोट बांधली होती. तळ्यावर लून पक्षी ओरडत होता, आपल्या टिटवीसारखा नाही, कुणी लांबून हाक मारावी तसा. मला झोप आली नाही. ह्यांना आली.

आणि ऐका, पुढं एका लॉकचं नाव पूनामली आहे. मद्रासजवळच्या गावाचं नाव! पाटी वाचून आम्ही दोघंही दोनदा वळून बघत राहिलो.

शेवटी ओटावाला, पार्लमेंटच्या शेजारी, आठ लॉक एकाखाली एक. पायऱ्याच. उतरायला दीड तास लागला. काठावर बघ्यांची गर्दी, आणि मी दोर अगदी शहाण्यासारखा धरलेला.

बाबा, तुम्ही त्या २०८ किलोमीटरच्या काठानं पायी, सायकलवर, लूनावर किती फिरलात. पाण्यावरून एकदाही नाही. कालवे इथं मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालू असतात. पुढच्या जुलैत या. मित्राला मी आत्ताच विचारून ठेवलंय. आई, पासपोर्टच्या फोटोला जाताना बाबांना टोपी काढायला लाव, आणि येताना लोणचं प्लास्टिकच्या बरणीत आण.

डाव्या कालव्याला पाणी सुटलं का, ते कळवा.

तुमची
बबी